पावसाळाभर बंद राहणारं घर: एका कुटुंबाच्या तयारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्षातले आठ महिने राहतं आणि पावसाळ्याचे चार महिने कुलूपबंद, असं हे घर आहे. मालक म्हणजे निवृत्त पती-पत्नी. पाऊस तोंडावर आला की ते मुलाकडे जातात आणि तो ओसरला की परततात. ओळख पटू नये म्हणून गाव आणि कुटुंबाचे तपशील इथे दिलेले नाहीत. घराची रचना आणि घडलेल्या गोष्टी मात्र जशाच्या तशा आहेत.

घर बैठं आहे. चार खोल्या, विटांच्या भिंती, वर कौलं. मधल्या एका खोलीवर तेवढा सिमेंटचा स्लॅब आहे आणि तिला लागून न्हाणीघर आहे. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली. मागच्या अंगाला गच्चीवजा छोट्या स्लॅबवर प्लास्टिकची पाण्याची टाकी आहे, भोवती मोठी झाडं. शेजारचा तरुण या दोघांना काका-काकू म्हणतो आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे असते.

आदल्या वर्षी परतल्यावर दार उघडताच गटाराचा उग्र वास आला. उंदीर मेला असेल असं काकांना वाटलं, पण वास न्हाणीघरातून येत होता. गाद्यांवर काळे-हिरवे ठिपके पडले होते, कपाटातल्या साड्यांना कुबट वास होता. बंद करून ठेवलेल्या फ्रिजच्या दाराचं रबर काळं पडलं होतं. इन्व्हर्टरची बॅटरी मेली होती. टाकीचा बॉल कॉक अडकून पाणी वाहत राहिलं होतं, मागची भिंत खालपासून वरपर्यंत ओली होती आणि हे कधीपासून चाललंय हे कुणालाच सांगता येईना.

त्यांच्याकडून हलगर्जी झाली होती असं अजिबात नाही. निघण्यापूर्वी काकूंनी सगळं घर ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं होतं. गाद्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्या होत्या, कपाटांत डांबराच्या गोळ्या आणि ओल शोषणाऱ्या डब्या ठेवल्या होत्या, खिडक्यांच्या फटींत कागद कोंबला होता. कष्ट भरपूर घेतले होते, पण ते सगळे घर चोरापासून आणि धुळीपासून जपण्यासाठी होते. नुकसान मात्र ओलीने केलं.

अडचण नेमकी कुठे होती

पुढच्या पावसाळ्याच्या दोन महिने आधी या कुटुंबाने माझा सल्ला घेतला. घरांच्या देखभालीच्या कामात अशी घरं मी बरीच पाहतो, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो: “ओल आत कशी शिरली, आम्ही तर सगळं बंद केलं होतं?”

उत्तराचा एक भाग असा की बरीचशी ओल आधीपासून आतच होती. शेवटच्या दिवशी पुसलेली फरशी, पुरते न वाळलेले कपडे, गाद्यांनी धरून ठेवलेला दमटपणा, सगळं कुलपाच्या आत राहिलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गादीतली वाफ रात्री गारवा पडला की प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि पुन्हा कापडातच मुरते.

दुसरा भाग हवेचा आहे. पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की घरातली बहुतेक प्रकारची बुरशी वाढू लागते. ६० टक्क्यांच्या खाली ती वाढत नाही. भर पावसात बाहेरची हवाच ८५ ते ९५ टक्क्यांवर असते. कौलारू छपरातून, दाराखालून, खिडक्यांच्या सांध्यांतून ती आत येतच राहते.

ओल शोषणाऱ्या डब्यांचा हिशोब मी काकांसमोर कागदावर मांडला. ३ बाय ४ मीटरची आणि ३ मीटर उंचीची खोली म्हणजे ३६ घनमीटर हवा. २८ अंश सेल्सिअसला आणि ९० टक्के आर्द्रतेला एवढ्या हवेत सुमारे ८८० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणायची तर साधारण ३४० ग्रॅम पाणी काढावं लागेल. खोलीतली हवा दर दोन तासांनी एकदा जरी बदलली, तरी तेवढं पाणी दर दोन तासांनी पुन्हा आत येतं. दिवसाचे झाले चार लिटर. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरतं. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या त्याहून जास्त धरतात, पण शोषलेल्या पाण्यात त्या स्वतःच विरघळतात. मग डबीत खारं पाणी साठतं आणि ती कलंडली तर लाकडाचं नुकसान होतं. आदल्या वर्षी एक डबी अशीच कलंडली होती. आणि डांबराच्या गोळ्या कसर लागू देत नाहीत, ओलीशी त्यांचा काही संबंध नाही.

वासाचं कारण अगदी साधं निघालं. न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि तेच गटारातल्या वायूला अडवतं. मोरी आठवड्यांमागून आठवडे वापरात नसली की ते पाणी उडून जातं. मग वास येतो आणि त्याच वाटेने झुरळंही येतात.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय काकांना सर्वांत पटलेला होता: घर आणखी घट्ट बंद करायचं, सगळ्या फटी सिलिकॉनने भरायच्या. कौलारू छपराखाली हे जमण्यासारखं नाही. छप्पर श्वास घेतंच, आणि खालच्या फटी बुजवल्या तर जमिनीतून आणि भिंतींतून येणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

दुसरा पर्याय उलट टोकाचा होता. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून झडपा उघड्या ठेवायच्या, वारा खेळता राहू द्यायचा. याने भिंती आणि जमिनी कुजत नाहीत, पण वाऱ्याने घर बाहेरच्या हवेपेक्षा कोरडं होणार नाही. ९० टक्के आर्द्रतेच्या वाऱ्यात गाद्या आणि पुस्तकं टिकत नाहीत.

तिसरा, कुणाला तरी चार महिने राहायला देणं. माणूस वावरत असला की घर टिकतं हे खरं आहे. पण ओळखीतलं कुणी नव्हतं आणि अनोळखी माणसाला घर सोपवायला काकूंची तयारी नव्हती. मीही आग्रह धरला नाही. ज्या व्यवस्थेने मालकाची झोप उडते ती तांत्रिकदृष्ट्या कितीही बरोबर असली तरी टिकत नाही.

चौथा पर्याय म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, डीह्युमिडिफायर. सगळ्या घरासाठी ते निरुपयोगी, कारण ते बाहेरचा पाऊसच वाळवत बसेल. पण घट्ट बंद होणाऱ्या एका खोलीत ते उत्तम काम करतं.

निर्णय

इथेच या प्रकरणाला वळण मिळालं. तोवर चर्चा “घर कसं वाचवायचं” अशी चालली होती. मी विचारलं, “कोरडं राहायलाच हवं असं या घरात नेमकं काय आहे?” काकूंनी यादी सांगितली: गाद्या, कपडे, पुस्तकं, कागदपत्रं, शिलाई मशीन, टीव्ही. लाकडी टेबल, खुर्च्या, भांडी, स्टीलची मांडणी यांना चार महिन्यांची दमट हवा सोसते.

मग ठरलं की घराचे दोन भाग करायचे. स्लॅबची मधली खोली कोरडी ठेवायची आणि यादीतलं सगळं तिथे हलवायचं. तिची खिडकी आणि दाराच्या फटी रबरी पट्टीने बंद करायच्या, आत यंत्र लावायचं. बाकी तीन खोल्या जाळ्या लावून खेळत्या हवेवर सोडायच्या आणि त्या दमट राहणार हे मान्य करायचं. हे मान्य करणं काकांना सर्वांत जड गेलं, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

केलेली कामं

यंत्राची निवड करताना एक गोष्ट दुकानात कळत नाही: वीज जाऊन आली की ते आपोआप सुरू होतं का? पावसाळ्यात वीज जाणारच. घरी आणल्यावर काकांनी ते चालू ठेवून मेन स्विच बंद केला आणि पुन्हा लावला. यंत्र गप्पच राहिलं. बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारं मॉडेल होतं. ते बदलून फिरता खटका असलेलं साधं मॉडेल आणलं, ते वीज आल्यावर पुन्हा चालू लागलं. एवढी चाचणी झाली नसती तर पहिल्याच वादळी रात्रीपासून खोली उघड्यावर पडल्यासारखी झाली असती.

आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावली. यंत्राची टाकी भरली की ते थांबतं, म्हणून मागे नळी जोडून ती उताराने न्हाणीघराच्या जाळीत सोडली. याचा एक छान फायदा झाला. यंत्राने काढलेलं पाणी थेंब थेंब त्याच ट्रॅपमध्ये पडत राहिल्याने तो कधी कोरडा पडला नाही. मात्र न्हाणीघर आणि खोली यांमधलं दार बंद ठेवून नळीपुरतीच खाच ठेवली, नाहीतर यंत्र ट्रॅपमधलं पाणीच वाळवत बसलं असतं. दुसऱ्या न्हाणीघराच्या आणि मोरीच्या ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल ओतलं. तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो.

कुणी घरात नसताना यंत्र चालू ठेवण्यात आगीची थोडी जोखीम असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्यासाठी यंत्राला एक्स्टेंशन न लावता भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट दिलं, विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवला आणि यंत्राभोवती हातभर जागा मोकळी ठेवली. घरातले बाकी सगळे सर्किट ब्रेकर खाली पाडले, टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून ठेवले. विजेचा कडकडाट असताना नुसता स्विच बंद असणं पुरत नाही.

पाण्याबाबत काका म्हणत होते की टाकी पूर्ण रिकामी करू. पण रिकामी प्लास्टिकची टाकी वादळात उडू शकते. म्हणून पाव टाकी पाणी ठेवलं, झाकण घट्ट लावलं, ओव्हरफ्लो आणि हवेच्या नळीला बारीक जाळी बांधली. डासाचं अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचं सगळं चक्र उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरं होतं, त्यामुळे उघडं पाणी कुठेच ठेवलं नाही: फ्लशच्या टाक्या रिकाम्या केल्या, कमोडवर प्लास्टिकचा कागद चिकटवला, अंगणातल्या बादल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या घातल्या. मुख्य नळाचा व्हॉल्व्ह बंद केला. बॉल कॉकवर विसंबायचं नाही हे आदल्या वर्षीच कळलं होतं. (थंड प्रदेशातलं घर असतं तर नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्या लागल्या असत्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळी फोडतं. इथे तो प्रश्न नव्हता.)

बॅटरीसाठी दोन मार्ग होते. चार्जिंगवर ठेवून जायचं, की पूर्ण चार्ज करून तार काढायची. चार्जिंगवर ठेवली तर आतलं पाणी कमी होत जातं आणि बघायला कुणी नसतं. तार काढलेली लेड-ॲसिड बॅटरीही महिन्याला काही टक्के चार्ज आपोआप गमावते, उष्णतेत जास्तच, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट जमून निकामी होते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, पूर्ण चार्ज करून, ऋण टोकाची तार काढली आणि दोन महिन्यांनी इलेक्ट्रिशियनने येऊन पुन्हा चार्ज करावी असं ठरवून ठेवलं. हे काम शेजारच्या तरुणावर टाकलं नाही, आत ॲसिड असतं.

बाकीचं झटपट उरकलं. फ्रिज रिकामा करून, वाळवून, दारात लाकडाचा तुकडा अडकवून उघडा ठेवला. वॉशिंग मशीनचंही दार उघडं. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावली. सिंकच्या नळीभोवतीची फट स्टील वूल आणि सिमेंटने बुजवली, कारण पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू शिरतं. कोरडे खाद्यपदार्थ घरात ठेवले नाहीत. विम्याची पॉलिसी काढून वाचली. अनेक पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर काही जोखमींचं संरक्षण थांबतं, म्हणून कंपनीला लेखी कळवलं आणि उत्तर जपून ठेवलं.

काकूंना एक सवय मोडावी लागली. पुसणं, धुणं निघण्याच्या पाच दिवस आधी संपवलं, शेवटच्या दिवशी फक्त कोरडा झाडू. गाद्या सलग उन्हं दाखवून, जमिनीवर न ठेवता खाटेवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभ्या केल्या आणि प्लास्टिकऐवजी सुती चादरींनी झाकल्या. यंत्र निघण्याच्या तीन दिवस आधीच सुरू केलं. पहिल्या दिवशी नळीतून आलेलं पाणी पाहून काकूंचा विश्वास बसेना. खोली तर कोरडी दिसत होती!

मधले महिने

शेजारच्या तरुणाला एका पानाची यादी दिली. पंधरवड्यातून एकदा यायचं, मधल्या खोलीच्या आर्द्रतामापकाचा आकडा काचेतून वाचून कळवायचा, नळीतून पाणी पडतंय का बघायचं, भिंतींच्या कडांना वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का पाहायचं, छपराखालून एक फेरी मारायची.

पहिला महिना सुरळीत गेला. आकडा ५४ ते ६० मध्ये राहिला. दुसऱ्या महिन्यात मोठं वादळ झालं, झाडांचा पाला पन्हळीत अडकला आणि पाणी उलटं वळचणीतून बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर उतरू लागलं. तरुणाने ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. त्याने फोन केला: “काका, पन्हळ तुंबलीय, पाणी भिंतीवर येतंय.” काका त्या वेळी रुग्णालयात तपासणीसाठी गेले होते, फोन मुलाने घेतला आणि निरोप राहून गेला. तरुणाने पुन्हा फोन केला नाही. त्याचं नंतरचं म्हणणं अगदी प्रामाणिक होतं: “माणूस बोलवला तर पैसे मी द्यायचे की काय, आणि कौलांवर कुणाला चढवलं आणि काही झालं तर? मला काही सांगितलं नव्हतं.” आठवडाभर पाणी भिंतीवर येत राहिलं.

निष्पत्ती

परतल्यावर मधली खोली उघडली तेव्हा आत कुबट वासाचा मागमूस नव्हता. गाद्या, पुस्तकं, कपडे जसे ठेवले तसे. आर्द्रतामापक ५८ दाखवत होता. गटाराचा वास कुठल्याच न्हाणीघरात नव्हता. बॅटरीने चार्ज धरला होता. उंदरांच्या लेंड्या दिसल्या नाहीत. खेळत्या हवेच्या खोल्यांत दारांच्या पाठीमागे आणि टेबलाच्या खालच्या अंगाला पांढरट बुरशीचा पातळ थर होता. तो मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसला. कोरडं घासलं तर कण हवेत उडतात.

नुकसान झालं ते बाहेरच्या खोलीत. पन्हळीचं पाणी ज्या भिंतीवर उतरलं तिला टेकून भिंतीत बसवलेलं प्लायवुडचं कपाट होतं. रिकामंच होतं, पण दारं बंद. त्याची पाठ फुगली आणि आतून काळी पडली. भिंतीचे पोपडेही सुटले.

घरात शिरतानाचा क्रमही आधी ठरवलेला होता. दिवसाउजेडी यायचं, आधी सगळ्या झडपा उघडून तासभर बाहेर बसायचं. मग टाकीतलं जुनं पाणी सोडून ती धुवायची आणि सगळे नळ, शॉवरसकट, खिडक्या उघड्या ठेवून काही मिनिटं वाहू द्यायचे. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जीवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातो. ब्रेकर एकेक करून वर करायचे. काकूंना आल्या आल्या चहा करायचा होता, त्या थांबल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पन्हळ पावसाआधी साफ केली होती, पण या घराभोवती झाडं आहेत. पहिल्या वादळानंतर ती पुन्हा तुंबणार हे गृहीत धरून ओळखीच्या कौलं शाकारणाऱ्याला तारीख आणि पैसे आधीच देऊन ठेवायला हवे होते. यंदा तसं केलं आहे.

तरुणाच्या यादीत काय पाहायचं ते होतं, पण काही दिसलं तर काय करायचं ते नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली हीच खरी उणीव. आता त्याच्याकडे एक रक्कम ठेवलेली असते. किती खर्चापर्यंत न विचारता निर्णय घ्यायचा, कुणाला बोलवायचं आणि फोन लागला नाही तर दुसरा कुणाला करायचा, हे लिहून दिलं आहे. छपरावर त्याने स्वतः चढायचं नाही, हेही त्यात ठळक लिहिलं आहे. आणि त्याच्या फेऱ्यांचा मोबदला ठरवला. काकांना आधी ते संकोचाचं वाटत होतं, पण मोबदला ठरल्यावर तरुणही मोकळेपणाने फोन करू लागला.

कपाटाबद्दल घरात अजून एकमत नाही. नवं बनवायचं तर ते भिंतीपासून चार बोटं सुटं, पायांवर उभं आणि जाळीच्या दारांचं असावं असं मी सुचवलं आहे. काकूंना तिथे कपाटच नको आहे. आर्द्रतेचा आकडा थेट मोबाइलवर पाठवणारं उपकरणही मुलाने सुचवलं होतं. त्यासाठी राउटर चार महिने चालू ठेवावा लागेल, तोही विजांच्या दिवसांत, म्हणून यंदा ते घेतलेलं नाही. तरुण आकडा वाचून कळवतो, तेच चालू आहे.